टेक्सासहून पेनसिल्व्हेनियात: हरणाच्या शिकारीसाठी जागा शोधताना या चुका टाळा

टेक्सासमध्ये जागेचा प्रश्न पैशाने सुटतो. तिथली नव्वद टक्क्यांहून जास्त जमीन खाजगी. त्यामुळे एखाद्या रँचवर वर्षाची लीज घ्यायची, मक्याचा फीडर लावायचा आणि ब्लाइंडमध्ये (लपून बसायच्या खोपीत) बसायचं, ही तिथली रीत. ऑस्टिन-डॅलसकडे शिकार शिकलेला माणूस नोकरी बदलून पेनसिल्व्हेनियात आला की आधी लीजचीच चौकशी करतो. इथे ती करायची फारशी गरजच नाही. सुमारे १५ लाख एकर स्टेट गेम लँड्स (शिकारीसाठी राखलेली सरकारी जमीन) आहेत, २२ लाख एकर स्टेट फॉरेस्ट आहे, शिवाय वायव्येला पाच लाखांहून जास्त एकरांचं ॲलेगेनी नॅशनल फॉरेस्ट. परवाना असला की यात शिरायला वेगळे पैसे लागत नाहीत. खरी अडचण अशी की या रानातल्या मोठ्या भागात हरीण फिरकतच नाही, आणि तो भाग कोणता हे ॲपवरच्या नकाशात दिसत नाही.

जुना परवाना संपला, नवा काढला नाही

हा मुद्दा आपल्या लोकांसाठी सगळ्यात आधी. एच-वन-बी, एल-वन किंवा एच-फोर व्हिसावर असलेल्याला संघीय कायद्याने बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला मनाई आहे. त्याला एक अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या राज्याने दिलेला शिकारीचा चालू परवाना. टेक्सासचा परवाना ३१ ऑगस्टला संपतो. सप्टेंबरमध्ये सामान हलवलं, नव्या राज्याचा परवाना 'सीझनच्या आधी काढू' म्हणून ठेवून दिला आणि रायफल कपाटात आहे, तर मधल्या काळात तो अपवाद तुमच्या बाजूने उरत नाही. व्हिसाच्या फायलीला हा डाग परवडणारा नाही. पेनसिल्व्हेनियात रहिवासी दराचा परवाना ३० दिवस राहिल्यानंतरच मिळतो. तोवर थांबण्यापेक्षा बाहेरच्यांसाठीचा महाग परवाना आधीच घेऊन टाका. इमिग्रेशन वकिलालाही एकदा विचारा. ग्रीन कार्डवाल्यांना ही भानगड नाही, आणि धनुष्यबाणाने शिकार करणाऱ्यांनाही नाही.

हंटर एज्युकेशनचा कोर्स मात्र पुन्हा करावा लागत नाही. टेक्सासचं सर्टिफिकेट इथे चालतं, फक्त ते खोक्यांच्या तळाशी जाऊ देऊ नका.

युनिट न बघता रान निवडणं

शिकारीच्या नियमांसाठी राज्याचे विभाग पाडलेले आहेत, त्यांना वाइल्डलाइफ मॅनेजमेंट युनिट म्हणतात. साध्या परवान्यावर वर्षाला शिंगवाला एक नर मिळतो. मादीसाठी वेगळा परवाना लागतो आणि तो ठरावीक युनिटापुरताच असतो. विक्री जूनच्या अखेरीस सुरू होते आणि काही युनिटांचे परवाने उन्हाळ्यातच संपतात. टेक्सासच्या एका परवान्यावर पाच हरणांचे टॅग मिळतात, त्या सवयीने लोक ऑक्टोबरमध्ये जागतात. तेव्हा आधी कोणत्या युनिटचा मादी परवाना शिल्लक आहे ते बघा, मग त्या युनिटमध्ये रान शोधा.

दुसरी बाब हत्याराची. एक्स्टन, किंग ऑफ प्रशिया या बाजूला आपली पुष्कळ कुटुंबं आहेत. पण चेस्टर, माँटगोमेरी, बक्स, डेलावेअर या काउंटींमध्ये हरणासाठी रायफल चालत नाही. तिथे शॉटगन, मझललोडर (नळीच्या तोंडातून दारू-गोळी भरायची बंदूक) किंवा धनुष्य लागतं. आणि सेमी-ऑटोमॅटिक रायफल तर हरणासाठी राज्यात कुठेच चालत नाही. टेक्सासहून एआर घेऊन आलेल्याला हे दुकानदाराकडून कळतं.

सुंदर रानाला भुलणं

नवखा माणूस उत्तरेकडच्या डोंगरात जातो. ब्लॅक चेरीची उंच झाडं, खाली गुडघाभर नेच्याचा हिरवा गालिचा, शंभर यार्डांपर्यंत मोकळी नजर. मचाण लावायला याहून चांगली जागा कुठली, असं वाटतं. खरं तर तो गालिचाच तुम्हाला निघून जायला सांगत असतो.

तो नेचा बहुतेक वेळा हे-सेंटेड फर्न असतो. पान चुरगाळलं तर वाळल्या गवताचा वास येतो. हरणं त्याला सहसा तोंड लावत नाहीत. गेल्या शतकात इथे हरणं बेसुमार वाढली, त्यांनी ओक, मेपलची रोपं, झुडपं, रानफुलं सगळं खाऊन टाकलं आणि नको असलेला नेचा तेवढा मागे राहिला. त्याची सावली इतकी दाट की खाली दुसरं बी रुजणंच मुश्किल. म्हणजे वर जंगल आणि खाली खायला काही नाही. असं रान वाटेत आलं म्हणून हरीण त्यातून जाईल, थांबणार नाही.

शोधायचं ते याच्या उलट: गचपण, काटेरी, अंगावर ओरखडे काढणारं. पाच-दहा वर्षांपूर्वी लाकूडतोड झालेले पट्टे पहा. गेम लँड्स आणि स्टेट फॉरेस्टमध्ये अशा तोडीभोवती उंच तारेचं कुंपण घालतात, रोपं हरणांपासून वाचावीत म्हणून. रोपं हरणाच्या तोंडाच्या वर गेली की काही वर्षांनी कुंपण काढतात. नुकतंच कुंपण काढलेला तुकडा सापडला तर त्याची कड सोडू नका. आत लपण आहे, खाणं आहे, आणि जाड शेंड्यांची टोकं खुडलेली दिसतील. हरणाला वरचे पुढचे दात नसतात, त्यामुळे खुडलेलं टोक फाटल्यासारखं, धागे निघालेलं असतं. तिरकी, चाकूने कापल्यासारखी स्वच्छ टोकं असतील तर ते सशाचं काम.

ओकचं रान असेल तर झाडांत फरक करा. व्हाइट ओकच्या पानांच्या पाळ्यांची टोकं गोल, रेड ओकची अणकुचीदार. व्हाइट ओकची फळं कमी तुरट असतात, हरणं ती आधी संपवतात. रेड ओककडे नंतर वळतात. म्हणून ऑक्टोबरमध्ये हमखास वाटलेली जागा डिसेंबरमध्ये ओस पडते. त्यात जागेचा दोष नाही, तिथलं जेवण संपलं एवढंच.

मक्याचा मोह

टेक्सासचा फीडर तिथेच विकून या. मका, सफरचंदं, मिठाचे ठोकळे टाकून हरीण बोलावणं इथे बहुतेक ठिकाणी गुन्हा आहे. खाणं उचलल्यावरही ती जागा ३० दिवस आमिषाचीच धरली जाते. ते दुसऱ्या कोणी टाकलं असेल तरी तिथे बसलेला तुम्हीच असता. शेतात नैसर्गिकरीत्या उभं असलेलं पीक वेगळं. तरी शेतकऱ्याला विचारून घ्या.

पार्किंगपासून हाकेच्या अंतरावर बसणं

रायफलचा सीझन २०१९ पासून थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी सुरू होतो. त्या दिवशी पहाटे गेम लँडच्या पार्किंगमध्ये लग्नाच्या कार्यालयाबाहेर लागतात तशा गाड्या लागतात. बहुतेक लोक जवळच बसतात. नकाशावर आधीच बघा की या गर्दीने हललेलं हरीण कुठल्या खिंडीतून पलीकडे उतरेल, कुठल्या सोंडेच्या कडेने जाईल. सह्याद्री चढलेल्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. वाऱ्याचंही तसंच. सकाळी गार हवा घळीतून खाली सरकते, ऊन चढलं की वर येते. खाली बसलात तर ऊन चढल्यावर तुमचा वास वरच्या हरणाला आधी लागतो.

मचाण लावलं म्हणजे जागा आपली झाली असं गेम लँडवर होत नाही. त्यावर मालकाची ओळख लावावी लागते आणि ठरलेल्या मुदतीत उतरवावंही लागतं. अंगावर फ्लुरोसंट केशरी हवं, रायफलच्या सीझनमध्ये डोकं, छाती आणि पाठ मिळून किमान २५० चौरस इंच. वस्ती असलेल्या घरापासून १५० यार्डांच्या आत परवानगीशिवाय बंदूक नाही, धनुष्यासाठी हे अंतर ५० यार्ड.

ॲपवरची मालकीची रेघ अंदाजाची समजा. गेम लँडची हद्द झाडांवर पांढऱ्या पट्ट्यांनी दाखवलेली असते. जांभळा रंग टेक्सासहून आलेल्याला ओळखीचा आहे: आत येऊ नका. २०२० पासून इथेही त्याचा तोच अर्थ.

शेतकऱ्यापुढे आधी पाकीट काढणं

टेक्सासच्या सवयीने लोक पहिल्याच वाक्यात पैशाची गोष्ट काढतात. इथे त्याने काम बिघडतं. राज्याच्या १९६६च्या कायद्यानुसार जमीन फुकट वापरू देणाऱ्या मालकाला, तुम्ही तिथे पडलात-झडलात तर, जबाबदारीपासून बरंच संरक्षण मिळतं. पैसे घेतले की ते संरक्षण जातं. तुमचे दोनशे डॉलर त्याला विम्याचा प्रश्न वाटतात.

त्याऐवजी उन्हाळ्यात जा. दुपारच्या वेळी, साध्या कपड्यांत, बंदूक गाडीतही नको. मका किंवा सोयाबीनच्या कडा हरणांनी खाल्लेल्या दिसत असतील तर बोलणं तिथून सुरू करा. "आम्ही इकडे नवीन आहोत, माद्या मारायला तयार आहोत," हे वाक्य शिंगांचे फोटो दाखवण्यापेक्षा जास्त दारं उघडतं, कारण पीक खातात त्या बहुतांशी माद्या. नाही म्हणाला तर आभार मानून निघा. हो म्हणाला तर गाडी कुठे लावू, कोणत्या दिवशी येऊ नको, कुंपणाचं फाटक कसं ठेवू, हे तिथेच विचारा. सीझननंतर थोडं मांस आणि दिवाळीच्या फराळाचा डबा नेलात तर पुढच्या वर्षी विचारायची वेळ येत नाही, तोच फोन करतो.

रविवारचं मात्र गृहीत धरू नका. इथे पिढ्यान् पिढ्या रविवारी शिकार बंद होती. २०२० मध्ये तीन रविवार खुले झाले, २०२५च्या कायद्याने ती बंदी उठली, पण कोणते रविवार खुले हे गेम कमिशन, म्हणजे राज्याचं शिकार खातं, ठरवतं. कायदा काहीही म्हणो, चर्चला जाणाऱ्या शेतकऱ्याची रविवारची इच्छा वेगळी विचारा.

खुणा दिसतात, हरीण दिसत नाही

लेंड्या आहेत, माग आहेत, झाडांची सालं घासलेली आहेत, तरी दिवसभर काही हलत नाही. बहुधा तुम्ही रात्रीच्या जेवणाच्या जागी बसला आहात. मागावरून उलटं चालत जा, दाट झाडीकडे. दिवसा ती जिथे पडून राहतात आणि जिथे खातात, त्या दोन्हींच्या मधे, झाडीला जास्त लागून बसा. हे चालणं फेब्रुवारी-मार्चमध्ये करा. पानं नसतात, बर्फात वाटा दिसतात आणि रान उठवलं म्हणून कोणाचा सीझन बिघडत नाही.

जुनी लीज अजून चालू असेल तर

काहीजण टेक्सासची लीज सोडत नाहीत, सुट्टीत तिकडे जाऊन शिकार करून गाडीने परततात. दोन्ही राज्यांत क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांच्या मेंदूचा जीवघेणा रोग पहिल्यांदा २०१२ मध्ये सापडला. त्यामुळे टेक्साससारख्या, हा रोग असलेल्या राज्यातल्या हरणाचं डोकं, मेंदू, कणा पेनसिल्व्हेनियात आणायला मनाई आहे. हाडं काढलेलं मांस, कातडी आणि पूर्ण साफ केलेल्या कवटीच्या तुकड्यासह शिंगं आणता येतात. ही साफसफाई निघण्याआधी तिकडेच उरकून घ्या.