परड्यातल्या सहदेवीचा कुळवृत्तान्त कसा काढावा

कुळवृत्तान्त छापायची हौस कोकणात जुनी. दोन घरांचं आडनाव एकच, पण गोत्र वेगळं निघालं की आठवडाभर तोच विषय. सूर्यफुलाच्या कुळात, म्हणजे अ‍ॅस्टरेसीत, असं वरचेवर होतं. चिऱ्याच्या गडग्याला लागून उगवणारी, जांभळट बारीक फुलांची सहदेवी १८२९ पासून 'व्हर्नोनिया सिनेरिया' म्हणून ओळखली जायची. १९९० मध्ये तिचं नाव 'सायन्थिलियम सिनेरियम' झालं. तेव्हा आधार होता तो मुख्यतः झाडाच्या रचनेचा आणि परागकणांचा. गुणसूत्रंही तेच सुचवत होती: अमेरिकेतल्या व्हर्नोनियांत मूळ संख्या १७, आपल्याकडच्या गोतावळ्यात ९ किंवा १०. डीएनएची साक्ष नंतर आली आणि तिनेही हेच सांगितलं. ती साक्ष कशी काढतात, ते सहदेवीवरच बघू.

आधी प्रश्न पक्का करावा. 'हे झाड कोणाचं?' हा प्रश्न फार मोठा झाला. 'माझ्या परड्यातली सहदेवी अमेरिकेतल्या व्हर्नोनियाला जवळची, की भारत-आफ्रिकेतल्या तिच्यासारख्या दिसणाऱ्या झाडांना?' याचं मात्र उत्तर मिळू शकतं. या कुळात चोवीस हजारांहून जास्त जाती आहेत आणि डोळे फसवायला प्रत्येकीकडे तीच युक्ती आहे: आपण ज्याला एक फूल म्हणतो तो अनेक बारीक फुलांचा गुच्छ असतो. सहदेवीच्या गुच्छात साधारण वीसेक नळीसारखी फुलं असतात, सूर्यफुलासारख्या कडेच्या पाकळ्या नसतात. एवढं भिंगातून नक्की बघून घ्यावं, नाहीतर शेजारची ओसाडी उचलून आणाल.

मग नमुना. माझ्या मते सगळं काम इथेच जिंकलं किंवा हरलं जातं. एकाच झाडावरून दोन गोष्टी घ्यायच्या. एक, मुळासकट उपटलेलं फुलोऱ्याचं झाड, वर्तमानपत्रात दाबून वाळवलेलं. दुसरी, दोन-तीन कोवळी निरोगी पानं, चहाच्या कागदी पिशवीत घालून सिलिका जेलच्या डब्यात. दोन्हींवर एकच क्रमांक घालावा. चिठ्ठीवर गाव, जागा, तारीख, फुलाचा रंग आणि गोळा करणाऱ्याचं नाव हवं. वाळल्यावर जांभळा रंग उडतो, म्हणून तो जागेवरच लिहावा. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय पानालाही हात लावू नये.

हे सगळं ऐन श्रावणात करू नका. मी केलं होतं. चार दिवस पागोळ्या थांबल्या नाहीत, सिलिकाचे नारिंगी खडे हिरवे पडले म्हणजे ओल धरून बसले, आणि मी ते बदलले नाहीत. पानं वरवर ठीक दिसत होती. पुढे त्यांच्यातून डीएनएच्या अक्षरांचा जो क्रम वाचून आला तो सहदेवीचा नव्हताच, बुरशीचा होता! डीएनएचा जो तुकडा आपण वाचतो तो बुरशीतही असतो आणि ठरावीक प्राइमर, म्हणजे तो तुकडा पकडणारे डीएनएचे छोटे धागे, दोघींना सारखेच चिकटतात. तेव्हापासून मी पानाच्या वजनाच्या दहापट तरी सिलिका घेते आणि पान चोवीस तासांत कुडकुडीत झालं नाही तर टाकून देते. खडे ओव्हनमध्ये साधारण ११० अंशांवर तापवले की पुन्हा वापरता येतात. जुन्या निळ्या खड्यांत कोबाल्ट असतं, ते स्वयंपाकघरात आणू नयेत.

पुढचं काम प्रयोगशाळेतलं, कारण त्यात क्लोरोफॉर्म लागतो. पान कुटून सीटॅब नावाच्या साबणासारख्या द्रावणात ६५ अंशांवर ठेवतात, मग थंड अल्कोहोल घातलं की डीएनए धाग्यासारखा वर येतो. या कुळातल्या बऱ्याच पानांचा रस काळा पडतो, तेव्हा द्रावणात पीव्हीपी (काळं पाडणारी द्रव्यं धरून ठेवणारी पूड) घालायला सांगावं. मग पीसीआर करून हव्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढायच्या आणि तो दोन्ही टोकांकडून वाचून घ्यायचा.

कुठला तुकडा? एक केंद्रकातला आयटीएस, जेमतेम सहाशे-सातशे अक्षरांचा. तो भराभर बदलतो, म्हणून जवळच्या नात्यांना बरा. दुसरा हरितलवकातला, उदाहरणार्थ मॅट-के. तो सहसा आईकडूनच येतो. दोन्ही घ्यावेत, एकावर विसंबू नये. हरितलवकाची ताकद केवढी, ते १९८७ मध्ये दिसलं. जॅन्सन आणि पामर यांना आढळलं, की या कुळातल्या जवळपास सगळ्या झाडांत हरितलवकाच्या डीएनएचा सुमारे बावीस हजार अक्षरांचा तुकडा उलटा बसलेला आहे. दक्षिण अमेरिकेतल्या एका लहान गटात मात्र तो सुलटाच होता. म्हणजे ती शाखा सगळ्यांच्या आधी वेगळी झालेली. बाहेरून बघून हे कोणाला सांगता आलं असतं?

क्रम हाती आला की तो जेनबँकेच्या, म्हणजे डीएनए-क्रमांच्या सार्वजनिक कोठाराच्या, ब्लास्ट या शोधयंत्रात टाकावा, पण पहिल्या ओळीत आलेल्या नावावर भाळू नये. तिथेही चुकीच्या नावाने ठेवलेले क्रम असतात. नमुना क्रमांक दिलेले क्रम निवडावेत: अमेरिकेतल्या दोन-तीन व्हर्नोनिया, आफ्रिका-आशियातली तशीच काही झाडं, आणि तुलनेला बाहेरचे म्हणून लायबीई गटातले एक-दोन. ते सगळे एमएएफएफटीने एकाखाली एक मांडावेत आणि मेगात वंशवृक्ष काढावा. दोन्ही प्रोग्राम फुकट मिळतात.

प्रत्येक फांदीवर बूटस्ट्रॅपचा आकडा येतो. मांडलेल्या अक्षरांचे रकाने चिठ्ठ्यांसारखे परत परत उचलून हजार वेळा वृक्ष काढला, तर किती टक्के वेळा तीच फांदी येते, ते तो सांगतो. सत्तरच्या खालच्या फांदीवर मी काही बोलत नाही. सहदेवी आफ्रिका-आशियातल्या झाडांबरोबर भक्कम आकड्यानिशी बसली, तर तिला व्हर्नोनिया म्हणायचं कारण उरत नाही, कारण त्या नावाचं मूळ झाड अमेरिकेतलं आहे. आयटीएसचा वृक्ष एक सांगतो आणि हरितलवकाचा दुसरंच, असं झालं तर घाबरू नका. कधीकाळी संकर झाला असेल किंवा नमुन्यांची अदलाबदल झाली असेल. आधी डब्यावरचे क्रमांक तपासा.

दाबलेलं झाड पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या किंवा मुंबईत सेंट झेवियर्सच्या ब्लॅटर वनस्पतिसंग्रहात घेतील का, ते विचारावं. तिथला नोंदक्रमांक मिळाला की तोच आपल्या क्रमासोबत जेनबँकेत लिहायचा.