जुनी करवत साफ करताय? या चुका टाळा

आजोबांची करवत मी माझ्याच हातानं मुकी केली. गंज काढायला ग्राइंडरला तारेचा ब्रश लावला. दहा मिनिटांत पातं लखलखलं, आणि त्यावरचं कंपनीचं नाव कायमचं गेलं. ही अक्षरं आम्लानं कोरलेली असतात, अगदी उथळ. वय सांगणारा पुरावा त्यांच्यातच असतो.

म्हणून लाकडी ठोकळ्यावर ६०० नंबरचा वॉटरपेपर गुंडाळा, थोडं टर्पेंटाइन टाका आणि पात्याच्या लांबीत हलक्या हातानं घासा. ठोकळा सपाट असल्यानं वरचा गंज निघतो, खोलगट अक्षरं काळीच राहतात. रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवू नका, तेही आम्लच.

दुसरी चूक, मुठीवरच्या पितळी बिल्ल्यावर आंधळा विश्वास. कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतल्या भंगारात ‘वॉरंटेड सुपिरिअर’ लिहिलेली करवत दाखवून कुणी ‘लई जुनी हाय’ म्हणालं, तर हसून पुढं चला. ते कंपनीचं नाव नव्हे. अनेक कारखाने आपल्या स्वस्त मालावर हाच बिल्ला लावत. शिवाय बिल्ला वय सांगतो मुठीचं, पात्याचं नाही. मूठ बदललेली असते कधी कधी. पात्याला जादा भोकं दिसली की तिथंच ओळखा.

पेटंटच्या तारखेलाही फसू नका. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या डिस्टन कंपनीची डी-८ ही करवत आली १८७४ च्या सुमारास, पण पुढं कित्येक दशकं बनत राहिली. आणि लाकडाच्या पातळीत बसलेले, मधल्या बोल्टच्या दोन्ही बाजूंना खाच असलेले पितळी नट अमेरिकन करवतीत जुनेपणाची खूण. शेफील्डच्या इंग्रज कारखान्यांनी मात्र ते विसाव्या शतकातही वापरले. हे नट पकडीनं पिळू नका, मऊ पितळ फाटतं. जुन्या स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला मधोमध कानसीनं खाच पाडा, काम होतं.

आता पावसाळा. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा घाम गाळतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल अडकते; शिलाई मशीनचं तेल लावून पातं सुती कापडात ठेवा. खोबरेल नको, ते खवट होऊन चिकटतं.

मुठीला जवसाचं तेल उत्तम, पण तेल पुसलेले बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेटतात. एकेक पसरून, अंगणात वाळवून मगच टाका.