नोड-जेएसमध्ये हेक्सचा बफर करताना या चुका टाळा

सहीची पडताळणी होतेय, सगळ्या टेस्ट हिरव्या, आणि सहीची गुप्त की (किल्ली) मात्र शून्य बाइटची! माझ्याच कोडमध्ये हे काही आठवडे सुखेनैव चाललं होतं. हेक्स म्हणजे प्रत्येक बाइट ० ते ९ आणि ए ते एफ यांतल्या दोन अक्षरांनी लिहिणं, आणि बफर म्हणजे नोड-जेएसमध्ये (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) बाइट ठेवायची जागा. कॉन्फिग फाइलमध्ये मी गुप्त की पुढे '०एक्स' (हेक्स आकडा ओळखायची खूण) लावून लिहिली होती आणि ती तशीच बफर.फ्रॉमला 'हेक्स' एन्कोडिंगसह दिली होती.

नोडचा हेक्स डीकोडर दोन-दोन अक्षरांच्या जोड्या वाचत जातो आणि चुकीची जोडी दिसली की तिथेच थांबतो. एरर नाही, वॉर्निंग नाही. तोवर जमलेले बाइट गपचूप हातात देतो. '०एक्स' ही पहिलीच जोडी चुकीची, म्हणून बफर रिकामा. एचमॅकला (गुप्त की वापरून सही करायची पद्धत) रिकामी कीसुद्धा चालते. सही करणारा आणि तपासणारा भाग एकच फंक्शन वापरत होते, त्यामुळे दोघांचं छान एकमत. बाहेरच्या कुणालाही तशीच सही करता आली असती.

याच स्वभावाची बाकीची रूपं ओळखायला सोपी आहेत. '४८ ६९' मध्ये जागा सोडली की एकच बाइट मिळतो. सर्टिफिकेटचा फिंगरप्रिंट कोलनसकट पेस्ट केला तरी तेच: ३२ बाइट अपेक्षित, हाती १. फाइलच्या सुरुवातीला बॉम (एन्कोडिंग दाखवणारं चिन्ह) असेल तर पुन्हा रिकामा बफर, आणि तो बॉम एडिटरमध्ये दिसतही नाही. अक्षरं विषम असतील तर शेवटचं एकटं अक्षर टाकून दिलं जातं.

विषम अक्षरांचं मूळ बहुधा हेक्स तयार करणाऱ्या बाजूला असतं. संख्येची स्ट्रिंग करणाऱ्या टू-स्ट्रिंगला पाया म्हणून १६ दिलं की १० या संख्येचं नुसतं 'ए' होतं, '०ए' नाही. यातली वाईट शक्यता वेगळीच आहे: १, २, ३, ४ असे चार बाइट शून्याशिवाय जोडले तर '१२३४' होतं. लांबी सम, अक्षरं वैध, आणि बाइट दोनच! वाचणाऱ्या बाजूने कितीही तपासा, हे पकडता येत नाही, बाइट किती हवेत हे माहीत असल्याशिवाय. म्हणून लिहितानाच पॅड-स्टार्टने पुढे शून्य लावून प्रत्येक बाइट दोन अक्षरी करा.

दुसरी मोठी चूक म्हणजे 'हेक्स' हा शब्दच विसरणं. मग बफर.फ्रॉम यूटीएफ-८ (साध्या मजकुराचं एन्कोडिंग) धरतो आणि '४८६९' चे दोनाऐवजी चार बाइट होतात. एईएस-२५६ (३२ बाइटची की लागणारी कूटलेखनाची पद्धत) ची ६४ अक्षरी की अशी दिली तर निदान कीच्या लांबीवरून एरर येते. पण १६ बाइटच्या कीची ३२ अक्षरं दिलीत तर बरोबर ३२ बाइट होतात आणि एईएस-२५६ खुशाल चालतं. दुसऱ्या बाजूला डेटा उलगडत नाही तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडतो.

बफर नको म्हणून पार्स-इंटचा (मजकुराची संख्या करणारं फंक्शन) लूप लिहिणाऱ्यांनी हुरळून जाऊ नये. '१जी' चं तो निमूट १ करतो, आणि जोडी पूर्ण चुकीची असेल तर मिळणारा नॅन ('संख्या नाही' ही खूण) बाइटांची यादी असलेल्या युइंट८-अ‍ॅरेमध्ये ० होऊन बसतो. पायथनचं बाइट्स.फ्रॉमहेक्स मला यापेक्षा सरळ वाटतं: जोड्यांमधली जागा खपवून घेतं, बाकी काही चुकलं की व्हॅल्यू-एरर. मात्र त्याच पायथनमध्ये इंट हे फंक्शन पाया १६ देऊन वापरलंत, तर देवनागरी '४८' सुद्धा मुकाट ७२ होतं! मराठी कीबोर्ड चालू राहिलेल्यांनी हे ध्यानात ठेवावं.

नोडमध्ये मी आता रूपांतराआधी दोनच गोष्टी बघतो: लांबी सम आहे का, आणि प्रत्येक अक्षर ० ते ९ किंवा ए ते एफ यांतलंच आहे का. नंतर बफर परत हेक्स करून मूळ स्ट्रिंगच्या लोअरकेस रूपाशी ताडतो. टू-स्ट्रिंग नेहमी लोअरकेस देतं, म्हणून ही खबरदारी. लॉगमधून आलेल्या मजकुरातल्या जागा आणि कोलन काढून टाकायला हरकत नाही. कीच्या बाबतीत मात्र साफसफाई करू नका. लांबी ठरल्याप्रमाणे नसेल तर सरळ एरर फेका आणि सर्व्हर सुरूच होऊ देऊ नका.

अलॉक-अनसेफने (मेमरी न पुसता देणारं फंक्शन) घेतलेल्या बफरमध्ये राइटने हेक्स भरत असाल, तर राइट किती बाइट लिहिले ते सांगतो, तो आकडा तपासा. हेक्स मध्येच तुटलं तर उरलेल्या जागेत मेमरीतला जुना कचरा तसाच राहतो, आणि तो तुमच्या पॅकेटबरोबर बाहेर जाऊ शकतो.