फ्लो बॅटरी ग्रिडला जोडताय? या चुका टाळा

दुपारची सौर वीज रात्रीपर्यंत पुरवायची म्हटलं की व्हॅनेडियम फ्लो बॅटरीचं नाव निघतंच. हिच्यात वीज साठते ती धन आणि ऋण अशा दोन टाक्यांतल्या व्हॅनेडियमच्या द्रावात; पंप हा द्राव स्टॅकमधून, म्हणजे सेलच्या चळतीतून, फिरवतात. पण बहुतेक जण ती लिथियमच्या सवयीने मागवतात आणि त्याच सवयीने चालवतात. घोळ तिथूनच सुरू होतो.

पहिली गफलत निविदेत. नुसतं 'शंभर मेगावॉट' लिहून भागत नाही. किती तास, ते आधी ठरवा. इथे मेगावॉट स्टॅकवर ठरतात आणि मेगावॉट-तास टाकीतल्या द्रावावर. घाटघरच्या उदंचन (पाणी वर चढवून वीज साठवण्याच्या) प्रकल्पात टर्बाइन वेगळं, जलाशय वेगळा, तसंच हे. चीनमध्ये दालियनला २०२२ साली सुरू झालेला प्रकल्प १०० मेगावॉट, ४०० मेगावॉट-तासांचा, म्हणजे चार तासांचा. तोच आठ तासांचा करायचा तर द्राव आणि टाक्या वाढवायच्या, स्टॅक तेवढेच. चार तासांचा भाव सरळ दुप्पट केलात तर हिशेब चुकलाच.

दुसरी चूक उन्हाळा विसरण्याची. नेहमीच्या द्रावाला साधारण १० ते ४० अंश मानवतात. त्यापुढे, त्यातही बॅटरी पूर्ण भरलेली असताना, धन बाजूला व्हॅनेडियम पेंटॉक्साइडचा तांबूस गाळ धरतो आणि स्टॅकमधल्या वाटा तुंबतात. सोलरवरची बॅटरी काठोकाठ भरते तीही नेमकी दुपारी उशिरा. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात ही वेळ कसली असते, सांगायला नको. कूलिंगचा खर्च 'नंतर बघू'त टाकू नका, आणि कडक उन्हाळ्यात चार्जिंगची वरची मर्यादा थोडी खाली आणा.

क्षमता घटली की लगेच 'बॅटरी म्हातारी झाली' म्हणणं ही तिसरी, आणि सगळ्यांत महागात पडणारी. आधी दोन्ही टाक्यांची पातळी बघा. स्टॅकमध्ये दोन्ही द्राव वेगळे ठेवणाऱ्या पडद्यातून व्हॅनेडियम आणि पाणी इकडचं तिकडे जातच असतं. दोन्ही बाजूंचा द्राव एकत्र करून पुन्हा वाटला की त्यामुळे गेलेली क्षमता बरीचशी परत येते. मिसळूनही फरक पडला नाही, तर ऋण टाकीत हवा शिरत असल्याचा संशय घ्या. पूर्ण चार्जला तिथला द्राव जांभळा असायला हवा. हवेच्या ऑक्सिजनने तो हिरव्याकडे झुकतो. झाकणं, सील, हवा बाहेर ठेवणाऱ्या नायट्रोजनचा दाब तपासा. गळती बंद झाल्यावरही द्रावाचं रासायनिक संतुलन वेगळं करून घ्यावं लागतं, नुसतं मिसळून ते होत नाही.

कार्यक्षमतेचा आकडा मात्र स्टॅकचा घेऊ नका. पंप, कूलिंग, इन्व्हर्टर सगळं धरून ग्रिडच्या मीटरवर किती युनिट आत गेले आणि किती बाहेर आले, तेवढंच करारात लिहून घ्या.