पळवाट सापडली तर काय करावे: ऑनलाइन रणनीती खेळांतील निवाड्याची पद्धत

ऑनलाइन रणनीती खेळात एखादी अनपेक्षित युक्ती वापरून कोणी डाव जिंकला की लगेच दोन गट पडतात. एकाचे म्हणणे असते की खेळ जे करू देतो ते सगळे चालते; दुसरा त्याच युक्तीला रडीचा डाव ठरवून मोकळा होतो. निवाडा करायचा असेल तर या दोन्ही भूमिका बाजूला ठेवून आधी तीन गोष्टी तपासाव्यात: ती युक्ती प्रतिस्पर्ध्याला दिसते का, दिसल्यावर तिला खेळातच उत्तर देता येते का, आणि डाव सुरू होण्यापूर्वी तिच्याविषयी काही ठरले होते का. यांतला दुसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

१९९८ साली आलेल्या स्टारक्राफ्ट या अवकाशयुद्धाच्या खेळामध्ये आणि त्याच्या ब्रूड वॉर या विस्तारात तो चांगला समजतो. या खेळात खनिज गोळा करायला निघालेला कामगार इतरांना न अडखळता त्यांच्यामधून आरपार जातो, आणि खेळाडूंनी या सोयीचा उपयोग शत्रूने अडवलेल्या वाटेतून कामगार बाहेर काढण्यासाठी करून घेतला. तसेच अकरा म्यूटालिस्कांच्या (उडत्या लढाऊ प्राण्यांच्या) गटात दूरवरचा एखादा ओव्हरलॉर्ड (त्याच बाजूचा संथ उडता प्राणी) सामील केला की ते सगळे एकमेकांवर रचल्यासारखे एकाच जागी गोळा होतात आणि त्यांचा एकत्रित मारा जबर बसतो. या दोन्ही युक्त्या वैध मानल्या गेल्या, कारण त्या डोळ्यांसमोर घडतात, त्यांना हातांचे कौशल्य लागते आणि त्यांना उत्तर आहे. गोळा झालेल्या म्यूटालिस्कांपैकी एकावर प्रतिस्पर्ध्याच्या सायन्स व्हेसल या यानाने इरेडिएट हा किरणोत्साराचा मारा केला तर शेजारच्यांनाही इजा होते, म्हणजे ज्या दाटीमुळे त्यांचे बळ वाढले तीच त्यांना भोवते. जिथे असे उत्तर शोधता येते तिथे बंदीची मागणी करण्याऐवजी सराव वाढवावा.

सीमारेषेवरची प्रकरणे अवघड असतात. ऑगस्ट २०१३ मध्ये सिएटल येथे झालेल्या डोटा २ या दोन संघांच्या खेळाच्या द इंटरनॅशनल स्पर्धेत ना'वी संघाने टाँगफू संघाविरुद्ध अशीच एक युक्ती वापरली. पज या नायकाने शत्रूला ओढून आणणारा आकडा (हुक) फेकायचा आणि तो हवेत असतानाच त्याच संघातील चेन या नायकाच्या शक्तीने पजला स्वतःच्या तळावर परत न्यायचे. मग आकड्यात सापडलेला शत्रू थेट तळावरच्या, शत्रूवर जबर मारा करणाऱ्या कारंज्यापाशी ओढला जाई आणि तिथे क्षणार्धात मरे. युक्ती नियमांत निषिद्ध नव्हती, त्यामुळे निकाल कायम राहिला आणि तो तसाच राहायला हवा होता. पुढे पॅच (खेळातली दुरुस्ती) काढून ती बंद करण्यात आली. बंदीचा नियम पुढच्या डावासाठी करावा, झालेल्या डावाला तो मागे जाऊन लावू नये.

पाळीपाळीच्या खेळांत वेगळीच अडचण येते आणि तिच्याकडे फार कमी खेळाडू लक्ष देतात. फ्रीसिव्ह या संस्कृती उभारण्याच्या खेळामध्ये, तसेच सिव्हिलायझेशन मालिकेच्या अनेक बहुखेळाडू डावांत, सर्वजण एकाच वेळी चाली करतात. त्यामुळे जो खेळाडू फेरी संपण्याच्या शेवटच्या क्षणी सैन्य पुढे आणतो आणि नवी फेरी सुरू होताच पहिल्याच क्षणी पुन्हा चाल करतो, त्याला प्रत्यक्षात सलग दोन चाली मिळतात; समोरच्याला मधे श्वास घ्यायलाही वेळ मिळत नाही. इथे खेळातले कोणतेही गणित बिघडलेले नसते, तरीही वरचा दुसरा प्रश्न विचारला की उत्तर नकारार्थी येते, कारण त्या वेळी जो संगणकासमोर बसलेला नाही त्याला बचावाची संधीच नसते. फ्रीसिव्हच्या सर्व्हरमध्ये यासाठी ‘युनिटवेटटाइम’ नावाचे सेटिंग आहे. एका फेरीत उशिरा हललेल्या तुकडीला पुढच्या फेरीत ठरावीक वेळ थांबावे लागते. ज्या खेळात असे सेटिंग नाही तिथे डाव सुरू करण्यापूर्वी लॉबीतच (खेळाडू डावाआधी जमतात तिथे) लेखी ठरवावे की युद्ध चालू असलेल्या दोन खेळाडूंपैकी कोण फेरीच्या पूर्वार्धात आणि कोण उत्तरार्धात हलेल.

मॅपहॅक (नकाशाचा झाकलेला भाग चोरून पाहणे), एकाच व्यक्तीची दोन खाती, ठरवून हरणे आणि बाहेरच्या प्रोग्रामकडून चाली करून घेणे यांवर चर्चेची गरज नाही. ती सरळ फसवणूक आहे. मॅपहॅक का शक्य होतो हे मात्र समजून घ्यावे. एज ऑफ एम्पायर्ससारख्या अनेक खेळांत प्रत्येक खेळाडूच्या संगणकावर संपूर्ण डाव चालू असतो आणि जाळ्यावरून फक्त आज्ञा पाठवल्या जातात. नकाशाचा न दिसणारा भाग झाकणारे धुके म्हणजे केवळ पडद्यावर ओढलेला पडदा असतो. त्यामागची माहिती संगणकात असतेच. याच रचनेमुळे कोणी स्वतःकडचे सोने गुपचूप वाढवले तर त्याचा डाव इतरांच्या डावाशी जुळेनासा होतो आणि सामना तुटतो, पण नुसते डोकावणे असे आपोआप उघड होत नाही. अशा डोकावणाऱ्यांना पकडण्यासाठी फेब्रुवारी २०२३ मध्ये व्हॉल्व्ह या कंपनीने तिच्या डोटा २ मध्ये नेहमीच्या खेळात कधीच वाचला जाणार नाही असा डेटा मुद्दाम ठेवला आणि तो वाचणारी ४०,००० हून अधिक खाती बंद केली.

प्रतिस्पर्धी डोकावत असल्याचा संशय आला तर सर्वांसमोर आरोप न करता डाव पूर्ण करावा आणि रिप्ले (डाव पुन्हा पाहता येणारी नोंद) जपून ठेवावा. नंतर तो त्या खेळाडूच्या नजरेतून, धुके चालू ठेवून पाहावा. ज्या खेळांच्या रिप्लेत कॅमेऱ्याची हालचाल नोंदली जाते तिथे तो कुठे वळला हेही पाहावे. गुप्त तळाकडे एकदा सैन्य जाणे हा अंदाज असू शकतो. अनुभवी खेळाडू नकाशा आणि वेळ पाहून असे अंदाज बरोबर बांधतात. टेहळणी न करता प्रत्येक डावात नेमकी प्रतिचाल येत असेल, तरच काही डावांचे रिप्ले वेळेच्या नोंदींसह व्यवस्थापकांकडे पाठवावेत. पॅच आल्यावर जुने रिप्ले पुष्कळदा उघडत नाहीत, म्हणून महत्त्वाच्या क्षणांचे व्हिडिओही करून ठेवावेत.

बग (खेळातली चूक) आपल्यालाच सापडला तर तो क्रमवारीच्या डावात पुन्हा वापरून पाहू नये. आपल्याच खासगी डावात, शक्यतो संगणकाविरुद्ध, तो नेमका कोणत्या क्रमाने घडतो हे तपासावे. खेळाची आवृत्ती, नकाशा, निवडलेली बाजू आणि प्रत्येक पायरी लिहून काढावी आणि निर्मात्यांना खासगीरीत्या कळवावे. दुरुस्ती होण्याआधी कृती जाहीर केली तर सावध होणाऱ्यांपेक्षा वापरणारे जास्त निघतात. चालू सामन्यात तो चुकून घडलाच, तर तत्काळ सांगून डाव थांबवण्याची तयारी दाखवावी.

मित्रमंडळींची किंवा महाविद्यालयाची छोटी स्पर्धा भरवणाऱ्यांनी यांतला बराच वाद आधीच मिटवावा. निषिद्ध पळवाटा नावानिशी लिहाव्यात, कारण ‘अनुचित युक्त्या वापरू नयेत’ असे एक मोघम वाक्य पंचाच्या काहीच कामाला येत नाही. जोडणी तुटल्यास डाव कोणत्या क्षणापासून पुन्हा सुरू होईल, किती वेळ थांबता येईल, जतन केलेला डाव कोणाकडे राहील आणि तक्रार सामन्यानंतर किती वेळात करायची हे नोंदवावे. यादीत नसलेली पळवाट स्पर्धेच्या मध्येच उघड झाली, तर झालेले निकाल तसेच ठेवून पुढच्या फेरीपूर्वी सर्व संघांना एकाच वेळी लेखी कळवावे, आणि हा निर्णय घेणारा पंच त्या फेरीत स्वतः खेळत नसावा.