सोसायटीची होळी : कुणाची परवानगी, कुणाची जबाबदारी

मी मुंबईत अग्निशमन दलात नोकरी केली. आता निवृत्त आहे. दरवर्षी फाल्गुन लागला की आसपासच्या सोसायट्यांचे सेक्रेटरी विचारायला येतात, "काका, होळीला परवानगी लागते का हो?" त्यावर माझा उलटा प्रश्न असतो: पेटवणार कोण आहे? बहुतेक वेळा उत्तर येतं, "आम्ही सगळे." इथेच खरी अडचण आहे. सगळ्यांची होळी म्हणजे पाण्याच्या नळाजवळ कुणीच नाही.

महापालिका तुमच्या होळीजवळ उभी राहायला येत नाही. ती मर्यादा घालून देते, आणि मर्यादा ओलांडली की दंड करते. पहिली मर्यादा झाडांची. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडलं तर १,००० ते ५,००० रुपये दंड आणि एक आठवडा ते एक वर्ष कैद होऊ शकते. झाड सोसायटीच्या आवारातलं असलं तरी सूट नाही. कुणी तोडताना दिसलं तर मुंबईत पालिकेच्या १९१६ या हेल्पलाइनवर कळवा. दुसरी मर्यादा कचऱ्याची. उघड्यावर कचरा जाळायला बंदी आहे आणि राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये त्यासाठी ५,००० रुपये दंड ठरवून दिला. ढीग मोठा असेल तर २५,०००. तेव्हा जुना सोफा, रंगवलेला प्लायवूड, थर्माकोल, टायर होळीत टाकायचे नाहीत. दंडाची भीती सोडा, तो धूर तुमच्याच इमारतीतल्या दमेकऱ्यांच्या छातीत जातो.

तिसरी गोष्ट पोलिसांकडची. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८७ खाली आगीबाबत जीव धोक्यात येईल असा हलगर्जीपणा करणाऱ्याला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे कलम माणसाला लागतं, "आम्ही सगळे" यांना नाही. म्हणून मी सांगतो, कमिटीच्या बैठकीत ठराव करा आणि नावं लिहा: पेटवणारा एक, पाण्यापाशी एक, मुलांकडे पाहणारं एक, फाटकावर गाड्या हटवणारा एक. चौघांचे फोन नंबर नोटीस बोर्डावर लावा. होळी रस्त्यावर किंवा पालिकेच्या मैदानात असेल तर वॉर्ड ऑफिस आणि पोलीस ठाण्यात आठवडाभर आधी अर्ज द्या. आवारात असली तरी जवळच्या अग्निशमन केंद्रात एक पत्र टाकून ठेवा. प्रत्येक ठिकाणी शिक्क्याची पोच घ्या.

आता जागा. वर बघा आणि खाली बघा. वर विजेच्या तारा, केबल, मंडप, झाडाची फांदी नको. खाली गॅसची पाइपलाइन किंवा वीजवाहिनी गेलेली नाही याची खात्री करा. पेव्हर ब्लॉकवर तर थेट पेटवूच नका: आत मुरलेल्या पाण्याची वाफ होते आणि काँक्रीटचे तुकडे उडतात. वीतभर जाड माती किंवा रेती पसरा, भोवती विटा लावा. माझा हिशेब सोपा आहे. होळीच्या उंचीच्या पाचपट जागा चारी बाजूंनी मोकळी हवी. चार फुटांची होळी तर वीस फूट. इतकी जागा नसेल तर होळी लहान करा. अंधश्रद्धा निर्मूलन समितीची "होळी लहान करा, पोळी दान करा" ही हाक मला आगीच्या बाजूनेही पटते.

मध्ये एरंडाची फांदी, भोवती गोवऱ्या आणि वाळलेली लाकडं पुरेत. ओलं लाकूड तडतडतं, ठिणग्या उडवतं. ढीग दोन दिवस आधी रचला असेल तर पेटवण्यापूर्वी एकदा हलवून पाहा, आत मांजरीची पिल्लं असू शकतात. पेटवायला कापूर आणि सुकी सोडणं (नारळाची वरची साल) वापरा. पेट्रोल कधीही नाही: त्याची वाफ आधीच पसरलेली असते, काडी लावताच भडका पेटवणाऱ्याच्या तोंडावर येतो. वारा पाठीवर घेऊन उभं राहा.

प्रदक्षिणेच्या वेळी पदर आणि ओढण्या खोचून घ्यायला सांगा, विशेषतः सिंथेटिक. आणि नारळ! अख्खा नारळ आगीत फुटतो, उकळतं पाणी अंगावर येतं. एक डोळा फोडूनच टाका. भाजलेला नारळ काढायची पोरांची चढाओढ मला माहीत आहे, ती थांबवू नका, पण लांब बांबू मोठ्या माणसाच्या हातात द्या.

पाण्याचा पाइप नळाला आधीच जोडून, पाणी सोडून बघा. रेतीच्या बादल्या आणि भिजवलेली गोणपाटं हाताशी. कुणी भाजलं तर वीस मिनिटं साध्या वाहत्या पाण्याखाली धरा, अंगठी-बांगडी लगेच काढा, चिकटलेला कपडा ओढू नका, टूथपेस्ट लावू नका. १०८ वर रुग्णवाहिका, १०१ वर बंब. बंबासाठी फाटक मोकळं हवं, हे तर सांगायलाच नको.

सगळे घरी पुरणपोळी खायला गेले की माझी खरी काळजी सुरू होते. राखेखालचे निखारे सकाळपर्यंत जिवंत राहतात आणि धुळवडीला पोरं त्याच राखेत हात घालतात. लाकडं पसरवा, पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता. वरून हाताची पाठ धरून ऊब लागणं थांबत नाही तोवर पाण्यावरच्या माणसाने जागा सोडायची नाही. होळीच्या उरलेल्या निखाऱ्यांवर पाणी गरम करायची पद्धत असेल तर एक मोठं माणूस तिथे बसलेलं हवं. राख प्लास्टिकच्या कचरापेटीत टाकू नका, पत्र्याच्या डब्यात एक दिवस ठेवून मग झाडांना घाला.

अर्जाची प्रत, पोच आणि नावांचा कागद फायलीत लावून ठेवा. पुढच्या वर्षीच्या सेक्रेटरीला तेच लागतील.