चित्र बघून लेख उघडावासा वाटला पाहिजे

पनवेलला मी डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, फ्लेक्स, बारशाची आमंत्रणं, दुकानांची बिलबुकं. पावसाळा तोंडावर आला की रानभाज्यांवर लेख लिहिते आणि प्रत्येक लेखाचं चित्र स्वतःच करते. फेसबुकवर, इन्स्टाग्रामवर आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांमध्ये लोकांना आधी ते चित्रच दिसतं. लेख नंतर, तोही उघडला तर. नुसतं देखणं चित्र लोक लाइक करतात आणि पुढे सरकतात. सगळी माहिती कोंबलेलं चित्र धडाधड फॉरवर्ड होतं, पण लेख उघडायची गरजच उरत नाही. या दोन्हींमधून वाट कशी काढायची, ते शेवळाच्या लेखाचं उदाहरण धरून सांगते.

आधी प्रश्न शोधा

ज्यांना शेवळं ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. सुरणाच्या जातकुळीतल्या एका रानवनस्पतीचे हे कोवळे, मिटलेले फुलोरे. ठाणे, पालघर, रायगडकडच्या बाजारांत मे संपता संपता, पहिल्या पावसाच्या आगेमागे जुड्या बांधून येतात. बाहेरून तपकिरी-जांभळट, आत खालच्या अंगाला पिवळा भाग. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, म्हणून नीट साफ न करता शिजवली तर घसा खाजतो. त्यावरचा उतारा म्हणून काकडं नावाची आंबट रानफळं भाजीत घालतात. सीकेपी (चांद्रसेनीय कायस्थ प्रभू) घरांमध्ये शेवळांत कोळंबी पडते आणि त्या दिवशी जेवायला कोण येणार यावरून फोनाफोनी होते.

आता चित्रावर काय लिहाल? बहुतेकांच्या हातून पहिलं उतरतं ते असं: ‘पावसाळी रानभाज्या : ओळख, महत्त्व व औषधी उपयोग’. माहितीपुस्तिकेला हे चालेल. पण मोबाइलवर अंगठा सरकवणारा माणूस यावर थांबत नाही, कारण हा प्रश्न त्याच्या मनात नव्हताच.

त्याच्या मनातला प्रश्न बाजारात ऐकू येतो. शेवळं घेऊन बसलेल्या मावशींसमोर थोडा वेळ उभं राहा. जुडी हातात घेऊन उलटसुलट करत गिऱ्हाईक विचारतं, ‘खाजत नाहीत ना हो?’ मावशी उत्तर देत बसत नाहीत. बाजूच्या टोपलीतली मूठभर काकडं उचलून जुडीवर ठेवतात आणि म्हणतात, ‘ही घाल, काय नाय होत.’ मथळा तिथेच मिळाला. चित्रावर मोठ्या अक्षरांत: ‘शेवळं घशाला खाजली?’ त्याखाली लहान अक्षरांत: ‘आतला पिवळा भाग काढा, काकडं घाला. साफ करायची पूर्ण रीत लेखात.’

खालच्या ओळीत मी उत्तराचा अर्धा भाग देऊन टाकला, आणि तो मुद्दाम दिला आहे. उत्सुकता ताणायची म्हणून ‘शेवळात ही एक गोष्ट घाला आणि कमाल बघा’ असं लिहिलं असतं तर कदाचित जास्त लोकांनी लेख उघडला असता. पण चित्र लेखापासून सुटं होऊन फिरतं. कुणीतरी स्क्रीनशॉट काढतं, कुणीतरी लिंक गाळून फक्त चित्र पुढे धाडतं. ते पाहून एखादीने जुडी आणली आणि तशीच चिरून फोडणीला टाकली, तर घरभर घसे धरून बसतील. म्हणून माझा नियम असा: ज्यानं इजा टळते ते चित्रातच लिहायचं. चव, प्रमाण, क्रम, आठवणी, कोळंबी कधी घालायची हे सगळं लेखासाठी राखायचं. तुमचा विषय आयकराचा असो की मुलांच्या तापाचा, हीच वाटणी करून बघा. आणि चित्रात जे वचन दिलंत ते लेखाच्या पहिल्या दोन परिच्छेदांत पाळा. वाचक एकदा फसला की पुढच्या वेळी तुमचं चित्र ओळखतो आणि टाळतो.

फोटो

पावसाळी ढगाळ उजेड फोटोसाठी फार चांगला, सावल्या मऊ पडतात. खिडकीशी बसा, फ्लॅश बंद ठेवा. तपकिरी शेवळं लाकडी टेबलावर ठेवली तर दिसतच नाहीत, केळीच्या पानावर ठेवली तर उठून येतात. स्टीलच्या ताटात चमक मारते. पूर्ण जुडीचा एक फोटो घ्या आणि एक शेवळ उभं चिरून आतला पिवळा भाग दिसेल असा दुसरा घ्या. हा दुसराच कामाचा असतो, कारण त्यात बघण्यासारखं काहीतरी उघड झालेलं असतं. मजकुरासाठी एका बाजूला पानाचा रिकामा भाग राहू द्या. नंतर अक्षरं फोटोवर कुठे बसवायची म्हणून झगडावं लागत नाही.

गुगलवर सापडलेला फोटो उचलू नका. तो कुणाचा तरी असतो, हे एक कारण. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं: रानभाजीचा फोटो चुकीचा असेल तर माणूस चुकीची वनस्पती खुडून आणतो. एआयकडून बनवून घेतलेल्या भाजीच्या चित्राबद्दल तर मी फार कडक आहे. ते पान दिसायला हुबेहूब असतं, पण तशा शिरांचं, तशा देठाचं झाड कुठल्याच डोंगरावर नसतं. स्वतःचा फोटो नसेल तर विकिमीडिया कॉमन्सवर शोधा. तिथे फोटोखाली परवाना लिहिलेला असतो. तो वाचा आणि छायाचित्रकाराचं नाव द्या.

अक्षरं: खरं काम इथे आहे

मराठी पोस्टची निम्मी वाट अक्षरांपाशी लागते. कॅनव्हा या चित्रं बनवायच्या साधनातले तयार नमुने इंग्रजी कॅपिटल अक्षरं डोळ्यांसमोर ठेवून केलेले असतात. त्यांत अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं असतं. तिथे मराठी मजकूर चिकटवला की शिरोरेखा तुकड्यातुकड्यांनी तुटते आणि शब्द विस्कटतो. पहिलं काम म्हणजे ते अंतर शून्यावर आणा. दुसरं, ओळींमधलं अंतर वाढवा. इंग्रजीला अक्षराच्या आकाराच्या १.१ किंवा १.२ पट पुरतं, आपल्याकडे वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, म्हणून मी १.४ च्या आसपास ठेवते. ‘कुर्डूची’ या शब्दाखाली ‘कोवळी’ आला की वरचा दीर्घ उकार खालच्या मात्रेत अडकतो. तो अडकत नाही ना, हे प्रत्येक चित्रात नजरेनं तपासा. नुसता आकडा टाकून भागत नाही.

फॉन्ट निवडताना मी ही ओळ टाइप करून बघते: ‘दुसऱ्या पावसातली लुसलुशीत, शुद्ध, पौष्टिक रानभाजी’. या एका ओळीत बरंच कळतं. ‘दुसऱ्या’मधला र य-च्या डोक्यावर रफार होऊन चढला, तर शब्द चुकला. जोडाक्षरं पाय मोडून सुटी उभी राहत नाहीत ना, ते बघा. आणि ल, श कसे आहेत ते बघा. मराठी वळणाचा ल पाकळीचा आणि श देठाचा. राज्य शासनाच्या २००९च्या वर्णमालेच्या निर्णयातही हीच रूपं आहेत. हिंदी वळणाचा ल घातला तर वाचता येतं, पण मराठी डोळ्याला ते पान परकं वाटतं. टिरो देवनागरी मराठी या फॉन्टमध्ये ही रूपं मुळातच आहेत. लेखातल्या अवतरणासारखा शांत मजकूर असेल तेव्हा मी तोच वापरते. मथळ्याला मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेनं केलेले मुक्ता किंवा बालू घेते. मुक्ताच्या जाड वजनात लांबची ओळही स्वच्छ वाचता येते. बालू गोलसर आणि मोकळा आहे, खाण्याच्या विषयाला शोभतो. जागा अरुंद असेल तर खांड किंवा टेको. हे सगळे गुगल फॉन्ट्सवर मोफत मिळतात.

जुना मजकूर श्रीलिपी किंवा शिवाजी अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असेल तर आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या सांकेतिक पद्धतीत, बदलून घ्या, नाहीतर चिकटवल्यावर नुसती निरर्थक चिन्हं दिसतात. फोटोशॉपमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसत असेल, तर अक्षरांच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट निवडा. जुन्या आवृत्तीत त्या जागी मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन असा पर्याय मिळेल.

आपल्या लिपीत कॅपिटल अक्षरं नाहीत आणि तिरपी केलेली देवनागरी सहसा वाईट दिसते. मग जोर द्यायचा कसा? आकारानं, वजनानं, रंगानं. अक्षरकार कमल शेडगे यांनी वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली नावं जुन्या अंकांत मिळाली तर जरूर बघा. बाकी पान काळ्या बारीक मजकुरानं भरलेलं असतं आणि ते एक नाव आधी दिसतं. नाटक गंभीर की हलकंफुलकं, हे त्या अक्षरांच्या वळणावरून कळतं. आपल्याला तसा हात नसेल, पण त्यातून घेण्यासारखी गोष्ट घेता येते: संपूर्ण चित्रात एकच शब्द राजा असू द्या. माझ्या चित्रात तो ‘खाजली?’ आहे. ‘शेवळं घशाला’ त्याच्या निम्म्या आकाराचं आहे.

आकाराचा हिशेब असा करा. मोबाइलच्या पडद्याची रुंदी साधारण साडेसहा सेंटिमीटर धरली आणि चित्र १०८० पिक्सेल रुंद असलं, तर १०० पिक्सेलचं अक्षर जेमतेम ६ मिलिमीटर उंच दिसतं. ४० पिक्सेलचं अडीच मिलिमीटरच्या आत. म्हणून मथळा १००च्या खाली आणू नये आणि ४०च्या खालचं काहीच चित्रात ठेवू नये. संगणकावर काम करताना चित्र पंचवीस टक्क्यांवर लहान करून बघा. वाचता आलं नाही तर शब्द कमी करा. अक्षरं लहान करून जागा काढू नका.

रंगाचं थोडक्यात: अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात पुरेसा फरक हवा. सर्वांना वाचता येण्यासाठीच्या वेब निकषांत साध्या मजकुराला ४.५ ला १ आणि मोठ्या मजकुराला ३ ला १ असं प्रमाण दिलं आहे. ते मोजून देणारी मोफत साधनं नेटवर आहेत. पांढऱ्यावर पिवळं नापास होतं. फोटोवर थेट लिहायचं असेल तर मागे गडद पट्टा टाका. मी रानभाज्यांच्या सगळ्या चित्रांना एकच गडद हिरवा पट्टा डाव्या बाजूला ठेवते, त्यामुळे नाव वाचण्याआधीच माझी पोस्ट ओळखू येते.

मापं आणि लिंक

एकच चित्र सगळीकडे टाकू नका. फेसबुक आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लिंकसोबत आपोआप दिसणाऱ्या चित्रासाठी १२०० बाय ६३० पिक्सेल. व्हॉट्सअ‍ॅपवर ते कधी रुंद दिसतं, कधी चौकोनी कापून बारीक दिसतं, म्हणून मथळा मधल्या चौकोनात बसेल असं बघा आणि फाइल ६०० केबीच्या आत ठेवा. इन्स्टाग्रामला १०८० बाय १३५०, स्टोरीला १०८० बाय १९२०. स्टोरीत वरचे आणि खालचे निदान २५० पिक्सेल मोकळे सोडा, तिथे नाव आणि उत्तराची पट्टी येते. फोटो असेल तर जेपीजी, नुसती अक्षरं आणि सपाट रंग असतील तर पीएनजी, नाहीतर अक्षरांच्या कडेला धूळ उडाल्यासारखी दिसते.

इन्स्टाग्रामच्या पोस्टखाली लिहिलेल्या लिंकवर टिचकी लागत नाही. लिंक प्रोफाइलमध्ये द्या किंवा स्टोरीत लिंकचा स्टिकर लावा आणि चित्रातच तसं सांगा. ‘अधिक माहितीसाठी’ असं मोघम लिहू नका. ‘साफ करायची रीत प्रोफाइलमधल्या लिंकवर’ असं नेमकं लिहा. चित्राच्या कोपऱ्यात तुमचा पत्ता छोटा आणि हातानं टाइप करता येईल असा असावा. चित्र सुटं फिरलं तरी तो सोबत जातो. पोस्ट टाकताना पर्यायी मजकुराची (ऑल्ट टेक्स्ट) चौकट रिकामी सोडू नका. स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांना तोच ऐकू येतो. ‘केळीच्या पानावर उभं चिरलेलं शेवळ, आतला पिवळा भाग दिसतो आहे, बाजूला हिरवी काकडं’ इतकं पुरे.

लेखाचं चित्र बदललं तरी फेसबुक जुनंच दाखवत असेल, तर फेसबुकच्या शेअरिंग डीबगर या साधनात लिंक टाकून पुन्हा वाचून घ्यायला सांगा.

मी शेवळाची पोस्ट शनिवारी संध्याकाळी टाकते, कारण रविवारी सकाळी लोक पिशवी घेऊन बाजारात जातात. जुलैत टाकली तर बघणारे बघतील, पण शेवळं संपलेली असतील. प्रत्येक ठिकाणच्या लिंकला वेगळी यूटीएम खूण (लिंकच्या शेवटी जोडायचे ओळखीचे शब्द) जोडली की वाचक कुठून आला ते कळतं. लाइकचा आकडा बघून निर्णय घेऊ नका, लेख किती जणांनी उघडला आणि किती जण शेवटपर्यंत थांबले ते बघा. दोन मथळे पडताळायचे असतील तर फोटो, रंग आणि वेळ तीच ठेवा, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळणार नाही.

शेवळं संपली की करटोली ही दुसरी रानभाजी येते. बाजारात त्यांच्या टोपलीपाशी लोक विचारतात, ‘आतल्या बिया काढायच्या का?’ फाइल तीच, हिरवा पट्टा तोच, फक्त मथळा आणि फोटो बदलायचा.